पोचला का म्हून पुसलीस का?

अंकासाठी काय लिहितेयस, असं मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तेव्हा मी 'वर्कफ्लोवर' असं उत्तर दिलं. तीन हसरे चेहरे आले आणि एकानं लिहिलं, 'अगं, हे वाङ्मय मंडळ आहे, आयटी क्लब दोन मजले वर.' बरोबर आहे. पण गेल्या मे महिन्यात माझ्या हातून जी चूक झाली ती आयटी क्लबला सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, एक सेटिंग चुकलं, दुरुस्त कर. ते मी त्याच दिवशी दुरुस्त केलं. बाकीचं उरलंय, ते तुम्हाला सांगते.

इथे अनेकांना बिदर म्हणजे किल्ला आणि बिदरी काम एवढंच माहीत असतं, म्हणून आधी गावाबद्दल. मी भालकी तालुक्यातली. जिल्हा बिदर, राज्य कर्नाटक. घरात मराठी, चर्चमध्ये कन्नड मिस्सा, शाळेत इंग्रजी, आणि बाजारात समोरच्याला जे येईल ते. १९५६ साली हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि आमचा भालकी-औरादकडचा भाग म्हैसूर राज्यात. म्हैसूरचं १९७३ साली कर्नाटक झालं, गुलबर्ग्याचं २०१४ साली कलबुर्गी झालं. माणसं मात्र जिथल्या तिथंच राहिली. त्यामुळे आमच्याकडे 'तुमची भाषा कोणती?' हा प्रश्न फॉर्मवर असतो तितका सोपा नसतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी ते विसरले, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या भागात ख्रिस्ती म्हणजे बहुतेक मेथडिस्ट. आम्ही कॅथलिक मूठभर. धर्मग्राम लहान, पण त्याला जोडून एक समाजकेंद्र आहे आणि तिथे येणारी बहुतेक माणसं ख्रिस्ती नाहीत. केंद्र चालवतात एक सिस्टर. शिकवणीचे वर्ग, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे कागद, आणि वर्षातून काही वेळा मोतीबिंदूच्या पेशंटना गाडीनं कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नेऊन आणणं, ही तिथली कामं. या सगळ्या कामांत एक काम सारखंच: निरोप देणं. वर्ग उद्या नाही. हयातीचा दाखला या आठवड्यात द्या. गाडी अमुक वाजता फाट्यावर येईल. सिस्टर एक लांबट वही घेऊन बसायच्या आणि एकेकाला फोन लावायच्या. 'ऐकलं का? पुन्हा सांगा बघू काय सांगितलं मी.' समोरच्यानं म्हणून दाखवलं की मग नावापुढे टिक. तीस जणांना दोन संध्याकाळी लागायच्या.

मी सुट्टीला गेले आणि म्हटलं, सिस्टर, हे मी ऑटोमॅटिक करून देते.

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण मावसभावाकडून एन-एट-एन शिकले होते. बर्लिनच्या यान ओबरहाउझर यांनी २०१९ साली लोकांपुढे आणलेलं हे सॉफ्टवेअर. मूळ नाव 'नोडमेशन'. पहिला एन, शेवटचा एन आणि मधली आठ अक्षरं म्हणून एन-एट-एन. यात फारसा कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकटी मांडायच्या, प्रत्येक चौकट म्हणजे एक नोड, आणि त्या रेघांनी जोडायच्या. एक नोड शीटमधली नावं वाचतो, दुसरा तारीख तपासतो, तिसरा मेसेज पाठवतो. अशी जोडलेली साखळी म्हणजे एक वर्कफ्लो. तो आपल्याच जुन्या लॅपटॉपवर चालवता येतो.

मी तीन वर्कफ्लो केले: शिकवणी, पेन्शन, डोळे. तिन्हींच्या शेपटीला तेच सहा नोड होते: भाषा बघ, मजकूर निवड, नाव घाल, थोडं थांब, पाठव, नोंद कर. आठवड्यात केंद्राचा नंबर बदलला. मी दोन ठिकाणी बदलला आणि तिसऱ्या ठिकाणी विसरले. तेव्हा मावसभाऊ फोनवर म्हणाला, 'एकच गोष्ट तीनदा कशाला लिहितेस? तिचा वेगळा वर्कफ्लो कर आणि तिघांकडून त्याला बोलाव.'

एका वर्कफ्लोनं दुसऱ्याला बोलावणं म्हणजे काय, ते सांगते. बोलावणाऱ्यात एक नोड ठेवायचा, त्याचं नाव 'एक्झिक्यूट सब-वर्कफ्लो'. ज्याला बोलवायचं त्याची सुरुवात एका खास नोडनं होते, जो म्हणतो, 'दुसऱ्या कुणी हाक मारली तरच मी जागा होईन.' हाक मारताना त्याच्या हातात काय द्यायचं ते ठरवता येतं. मी चार गोष्टी ठरवल्या: नाव, नंबर, भाषा, मजकुराचा प्रकार. कुणाला कोणता आजार आहे हे निरोप्याला कळायची गरज नव्हती. हा नवा वर्कफ्लो मी वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं 'निरोप'. आता नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचा. मला माझंच कौतुक वाटलं.

त्या नोडमध्ये एक बटण असतं: बोलावलेल्याचं काम पूर्ण होईपर्यंत थांबायचं की नाही. एन-एट-एनमध्ये ते मुळात चालू असतं. थांबलं तर 'निरोप'च्या शेवटच्या नोडमधून जे बाहेर पडेल ते बोलावणाऱ्याच्या हातात परत येतं, आणि तिकडे काही बिघडलं तर इकडेही लाल खूण येते. न थांबलं तर हाक मारली की बोलावणारा पुढे चालू लागतो. तिकडे काय झालं हे त्याला कळत नाही.

मी ते बटण बंद केलं. प्रत्येक मेसेजनंतर पाच सेकंद थांबायचं ठेवलं होतं, म्हणजे एकतीस जणांचे अडीच मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं. सिस्टरना दाखवताना मला ते बरं वाटेना. बटण बंद केल्यावर एका सेकंदात सगळ्या चौकटी हिरव्या. शीटमध्ये एकतीस नावांपुढे 'कळवलं' हा शब्द. सिस्टर म्हणाल्या, 'एवढ्यात झालं?' मी म्हटलं, 'झालं!'

आता त्या आज्जींबद्दल. नाव सांगत नाही. वय ऐंशीच्या पुढे, म्हणजे निजामाच्या राज्यात जन्मलेल्या. गाव न बदलता चार राज्यांच्या रहिवासी झालेल्या. त्यांच्याकडे फोन नाही. निरोप जायचा शेजारच्या पोराच्या मोबाइलवर आणि तो वाचून दाखवायचा. यादी करताना मी विचारलं, 'आज्जी, भाषा कोणती लिहू?'

'लिही कोणचीबी. मला कुठं वाचता येतंय?'

पोरगा कन्नड शाळेत शिकलेला, त्याला मराठी वाचायला अडखळायला होतं. आज्जी बोलतात मराठी. कन्नड बाजारापुरतं कळतं, पण दवाखान्याचं कन्नड कळेल का, शंका होती. वाचणारा कन्नड, ऐकणारी मराठी. काय लिहावं? मी म्हटलं, नंतर ठरवू, आणि तो रकाना रिकामा ठेवला. एकतीस ओळींत तेवढा एकच रिकामा.

गाडी मंगळवारी जायची होती. सोमवारी दवाखान्यातून फोन आला की डॉक्टर नाहीत, गुरुवारी आणा. सिस्टरनी मला सांगितलं, मी शीटमध्ये तारीख बदलली आणि वर्कफ्लो चालवला. हिरवं. एकतीस वेळा 'कळवलं'. सिस्टरनी वही उघडलीसुद्धा नाही. नवी पद्धत आली होती ना.

मंगळवारी साडेअकराच्या सुमारास दूधवाल्या काकांचा केंद्रात फोन आला. फाट्यावर एक म्हातारी पिशवी घेऊन बसलीय, सकाळी साडेपाचपासून. 'सिस्टरची गाडी येणार' म्हणतेय आणि घरी जायला तयार नाही.

मे महिना. फाट्यावर एक बाभूळ आहे, तिची सावली दहानंतर सरकते. आज्जी निघताना फक्त चहा प्यायल्या होत्या. मी आणि सिस्टर रिक्षा करून गेलो तेव्हा त्या दगडावरून उठायला गेल्या आणि तोल जाऊन पुन्हा बसल्या. पिशवीत एक लुगडं, आधार कार्ड आणि वाटेत सगळ्यांना द्यायला म्हणून भाजलेल्या शेंगा होत्या. आम्ही त्यांना घरी नेलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. गुरुवारच्या गाडीत त्या बसल्या नाहीत. अंगात ताकद नव्हती, आणि सून म्हणाली, आता राहू द्या. पुढचा नंबर दीड महिन्यानं होता.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. माझी खात्री होती की मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय. प्रत्येक वर्कफ्लोचा मागचा हिशेब एन-एट-एन ठेवतं: कधी चालला, कोणत्या नोडमध्ये किती ओळी शिरल्या, किती बाहेर पडल्या. बोलावणाऱ्याचा हिशेब आणि बोलावलेल्याचा हिशेब वेगवेगळा असतो. मी आतापर्यंत फक्त पहिला बघत होते.

बिदरजवळ नौबादला भुयारी कालवा आहे, त्याला कारेझ म्हणतात. पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. जमिनीच्या पोटातून पाणी वाहतं आणि वरून बघितलं तर नुसतं माळरान. पण ठरावीक अंतरावर खोल उभे झरोके खणलेले आहेत. त्यांतून उतरून आत हवा, गाळ, पाणी कसं आहे ते बघायचं. शाळेच्या सहलीत मी त्या झरोक्यातून वाकून बघितलं होतं आणि बाईंचा ओरडा खाल्ला होता. त्या रात्री 'निरोप'चा हिशेब उघडताना मला ते आठवलं. पाणी वाहतंय असं मी वरूनच धरून चालले होते.

आत काय होतं? 'निरोप'मध्ये भाषा बघणारा नोड होता, त्याचं नाव स्विच. त्याला मी तीन फाटे दिले होते: मराठी, कन्नड, उर्दू. एकतीस ओळी आत गेल्या होत्या. तीन फाट्यांतून मिळून तीस बाहेर पडल्या. एकतिसावी कुठेच नव्हती. लाल खूण नाही, चूक झाल्याची सूचना नाही. कारण स्विचच्या दृष्टीनं चूक झालीच नव्हती. जी ओळ कुठल्याच फाट्यात बसत नाही तिचं काय करायचं, हे सांगायची सोय त्यात आहे. न सांगितलं तर तो ती ओळ सोडून देतो. मी सांगितलं नव्हतं.

म्हणजे नुसतं थांबण्याचं बटण चालू असतं तरी लाल खूण आली नसती. 'निरोप'नं आपलं काम नीट पूर्ण केलं असंच म्हटलं असतं. पण एक झालं असतं: एकतीस दिले आणि तीस परत आले, हे बोलावणाऱ्याच्या हातात असतं. मोजलं असतं तर कळलं असतं. मी थांबलेच नाही, म्हणून मोजायला काही नव्हतं. आणि 'कळवलं' हा शब्द? तो मी हाक मारल्यानंतर लगेच लिहायला लावला होता. म्हणजे शीट खोटं बोलत होती, आणि खोटं बोलायला तिला मीच शिकवलं होतं.

नंतर मी या बोलावण्याचा इतिहास शोधला. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. डेव्हिड व्हीलर तेव्हा तिथे विद्यार्थी होता, बावीस वर्षांचा, म्हणजे माझ्याहून एकच वर्षानं मोठा. पुन्हा पुन्हा लागणारं काम एकदाच लिहायचं आणि हवं तिथून त्याला बोलवायचं, ही पद्धत त्यानं तिथे बसवली. अडचण अशी की बोलावलेल्या तुकड्यानं काम झाल्यावर जायचं कुठे? त्याला तर कुठूनही हाक येऊ शकते. व्हीलरची युक्ती अशी: हाक मारणारा निघताना आपला पत्ता ठेवायचा, आणि बोलावलेला तुकडा स्वतःचं काम सुरू करण्याआधी त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा तयार करून आपल्या शेवटी लिहून ठेवायचा. आधी परतीची वाट, मग काम. १९५१ साली त्यानं विल्क्स आणि गिल यांच्याबरोबर प्रोग्रॅम लिहिण्यावर पुस्तक काढलं, त्यात हे सगळं आहे.

आजची मोठी सॉफ्टवेअर वेगळी सवय लावतात. एअरबीएनबी कंपनीत २०१४ साली सुरू झालेलं अपाची एअरफ्लो मोठमोठ्या कंपन्या वापरतात. त्यातही एक साखळी दुसरीला बोलावू शकते, पण तिथे थांबणं मुळात बंद असतं. हवं असेल तर मागावं लागतं. त्यालाही कारण आहे. रात्रभर चालणाऱ्या कामासाठी बोलावणाऱ्यानं ताटकळत का बसावं? न थांबणं ही काही चूक नव्हे. न थांबता 'कळवलं' लिहिणं ही चूक.

दोन दिवसांनी मी आज्जींकडे गेले. काय बोलावं सुचत नव्हतं. मी म्हटलं, 'आज्जी, मी निरोप पाठवला होता, मशीनमधून. तो मधेच अडकला.' आज्जी शेंगा सोलत होत्या. जवळ धरून, कारण एका डोळ्यानं दिसतच नाही. त्या म्हणाल्या,

'सांगावा धाडले म्हणतीस, खरं. पर पोचला का म्हून पुसलीस का?'

रागानं नाही. खरंच विचारत होत्या. मग त्यांनी सांगितलं की पूर्वी उदगीरला दिलेल्या लेकीकडे सांगावा धाडायचा तर बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर. तो संध्याकाळी परत आला की आधी आपल्या घरी न जाता यांच्या दारात यायचा. 'दिला बगा. लेक बरी हाय.' तेवढं ऐकल्याशिवाय सांगावा पुरा झाला असं कुणी म्हणायचं नाही. सरहद्द झाली, तिकडचं राज्य वेगळं झालं, तरी माणूस दारात यायचा तो यायचाच.

मला मराठीतले हे शब्द माहीत होते. सांगावा, निरोप, वर्दी. परीक्षेत लिहिले असते तर मार्क मिळाले असते. पण निरोप देणं म्हणजे कळवणंही आणि सोडून देणंही, हे त्या दिवसापर्यंत माझ्या अंगावर आलं नव्हतं. मी माझ्या वर्कफ्लोला तो शब्द दिला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा दुसरा अर्थ खरा करून दाखवला.

मग दुरुस्ती. थांबण्याचं बटण चालू केलं. स्विचला चौथा फाटा दिला: जे कुठेच बसत नाहीत ते इकडे. चारही फाटे शेवटी एकत्र आणले, कारण बोलावणाऱ्याकडे शेवटी चाललेल्या नोडचंच परत जातं. फाटे सुटे ठेवले तर एकाचंच येतं आणि बाकीचे गेले की राहिले कळत नाही. परत आलेल्या ओळींपैकी ज्यांचा मेसेज खरंच गेला तेवढ्यांपुढेच 'पाठवलं'. 'कळवलं' हा शब्द मी काढून टाकला, कारण मशीनला फक्त पाठवल्याचं कळतं. बाकी सगळ्यांपुढे 'फोन करा'. दिलेले आणि आलेले आकडे जुळले नाहीत तर सिस्टरना सूचना. आणि मधेच काही कोसळलं तर जागा होणारा एक वेगळा वर्कफ्लो, त्याची सोयही एन-एट-एनमध्ये असते.

सिस्टरना हे दाखवलं तेव्हा पडद्यावरचं गोल अडीच मिनिटं फिरत राहिलं. आम्ही दोघी बघत बसलो. त्या म्हणाल्या, 'असू दे. मला तर दोन संध्याकाळी लागत होत्या.' मग त्यांनी आपली वही काढली आणि म्हणाल्या, 'तुझ्या चौथ्या फाट्यातली माणसं या वहीत लिहीत जाईन.' मला वाटलं होतं मी ती वही बंद करणार. आता ती माझ्या वर्कफ्लोची शेवटची पायरी आहे, आणि तिथे मात्र 'पुन्हा सांगा बघू' असं विचारूनच टिक पडते.

जूनमध्ये मी मुंबईला निघाले. भालकी स्टेशनवर आईनं डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि गाडी हलली तशी खिडकीबरोबर चालत म्हणाली, 'पोचलीस की फोन कर.' दर वेळी म्हणते. दर वेळी मी विसरते आणि दुपारी तिचाच फोन येतो. या वेळी मी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवल्याबरोबर फोन लावला. ती म्हणाली, 'काय झालं? सगळं ठीक आहे ना?'

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिस्टरांचा मेसेज आला. आज्जींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. शीट मी इथूनही बघू शकते. भाषेचा रकाना आता मी दोन रकान्यांत तोडलाय: 'वाचणारा' आणि 'ऐकणारा'. आज्जींच्या ओळीत पहिल्यात कन्नड आहे, दुसऱ्यात मराठी. तशी एकच ओळ असेल असं मला वाटलं होतं. सिस्टरनी सगळ्यांना पुन्हा विचारून यादी भरली, तेव्हा एकतिसांत अशा नऊ निघाल्या.